गिरगावातला देवांचा छापखाना

मुलांनो, एक गंमत करून पाहू या. डोळे मिटा आणि लक्ष्मीला डोळ्यांपुढे आणा. काय दिसलं? तळ्यातल्या कमळावर ती उभी आहे, तिला चार हात आहेत, अंगावर छान काठाची साडी आहे आणि जवळच सोंडेत हार घेतलेला हत्ती आहे. बरोबर ना? आता सरस्वती. पांढरी साडी, मांडीवर वीणा आणि शेजारी मोर! हेच तुमच्या बाकावरच्या मैत्रिणीला विचारा. नाशिकच्या मामेभावाला आणि नागपूरच्या आत्तेबहिणीलाही विचारा. उत्तर जवळजवळ सारखंच येईल.

आता खरं सांगा, तुमच्यापैकी लक्ष्मीला प्रत्यक्ष कोण भेटून आलंय? कुणीच नाही! मग सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा कसा येतो?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आज आपण मुंबईत फिरायला निघणार आहोत. गिरगाव, परळ, दादर आणि लालबाग असा आपला बेत आहे. एक रविवार पुरेल. पाण्याची बाटली घ्या, पायांत चांगल्या चपला घाला आणि जमलं तर आजी-आजोबांनाही बरोबर घ्या. त्यांच्या आठवणींचा फार उपयोग होईल.

पहिला मुक्काम : गिरगाव

चर्नी रोड स्टेशनला उतरा. पुलावर उभं राहिलं की एका बाजूला समुद्राचा वारा लागतो आणि दुसऱ्या बाजूला गिरगाव दिसतं. आपल्याला गिरगावात शिरायचंय. चाळी, वाड्या, लाकडी जिने, लांबलचक गॅलऱ्या. मध्येच उंच टॉवर उभे राहिलेत, पण जुन्या गिरगावाच्या खुणा अजून सापडतात.

खाडिलकर मार्गावर केशवजी नाईकांच्या चाळी आहेत. इथे सन १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. घराच्या देवघरात बसणारा गणपती चाळीच्या अंगणात आला आणि सगळ्या बिऱ्हाडांचा झाला. हे साल लक्षात ठेवा हं. कारण पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९४ मध्ये, याच गिरगावात एक छापखाना सुरू झाला. तो वर्तमानपत्रांचा नव्हता, पुस्तकांचाही नव्हता. तिथे देव छापले जात! छापखान्याचे मालक होते त्या काळातले भारतातले सगळ्यात नावाजलेले चित्रकार, राजा रविवर्मा.

रविवर्मा मुंबईचे नव्हते. त्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी केरळमधल्या किळिमानूरला झाला. लहानपणी ते कोळशानं घराच्या भिंती रंगवून ठेवत. (आपण असं केलं तर काय होईल ते सांगायला नकोच!) पण त्यांचे मामा स्वतः चित्रं काढणारे. त्यांनी भाच्याला रागे भरण्याऐवजी शिकवायला घेतलं. चौदाव्या वर्षी रविवर्मा त्रावणकोरच्या महाराजांच्या दरबारी त्रिवेंद्रमला गेले.

तिथे एक अडचण होती. त्यांना तैलरंगांत चित्रं काढायची होती. हे रंग आणि त्यांची पद्धत युरोपातून आलेली, शिकवणारं कुणी मिळेना. दरबारातले जाणकार चित्रकार आपलं ज्ञान द्यायला तयार नव्हते. पुढे थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार राजघराण्याची चित्रं काढायला आला. त्यानंही शिकवलं नाही, फक्त काम करताना बघू दिलं. रविवर्म्यांनी तेवढ्यावरच भागवलं. बघायचं, घरी येऊन करून पाहायचं, चुकलं की पुसायचं आणि पुन्हा करायचं. पाच वर्षांच्या आत, १८७३ साली, त्यांच्या एका चित्राला व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात बक्षीस मिळालं.

मग राजेरजवाड्यांकडून बोलावणी येऊ लागली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची १४ चित्रं त्यांच्याकडून करून घेतली. चित्रं राजवाड्यात लावण्याआधी लोकांना पाहायला मांडली, तेव्हा लांबून लांबून माणसं बघायला आली. कारण असं चित्र पूर्वी कुणी पाहिलंच नव्हतं. दमयंती, सीता, शकुंतला अगदी हाडामांसाच्या बायकांसारख्या दिसत होत्या. कितीतरी जणींनी तर आपल्याकडच्या पद्धतीची साडी नेसली होती!

पण प्रदर्शन संपलं, चित्रं राजवाड्यात गेली आणि दरवाजे बंद झाले. आता ती बघणार कोण? राजा आणि त्याचे पाहुणे.

एक सल्ला

सर टी. माधवराव हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. तंजावरला स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातला हा हुशार माणूस. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे ते दिवाण होते. त्यांनी रविवर्म्यांना सुचवलं की, तुमच्या चित्रांना इतकी मागणी आहे आणि तुम्हाला हात दोनच. तर काही निवडक चित्रं युरोपात पाठवा आणि त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्या. देशाचीही ती सेवा होईल.

रविवर्म्यांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. चित्रं युरोपात पाठवण्याऐवजी त्यांनी यंत्रं आणि जर्मन कारागीर इकडे आणले. धंदा उभा करायचा तर मुंबईच हवी. बंदर इथे, रेल्वे इथे, कापडगिरण्या इथे आणि भांडवल घालणारे व्यापारीही इथेच. म्हणून छापखाना गिरगावात आला. पैशाची बाजू एका मुंबईकर व्यापाऱ्यानं उचलली आणि कामकाज रविवर्म्यांचे धाकटे भाऊ सी. राजराजवर्मा पाहू लागले. तेही उत्तम चित्रकार होते आणि निसर्गचित्रांत त्यांचा हातखंडा होता. छापखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं चित्र होतं शकुंतलेच्या जन्माचं.

एक खुलासा करायला हवा, नाहीतर इतिहास चुकेल. देवांची चित्रं छापणारे रविवर्मा काही पहिले नव्हेत. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांबरोबर १८७८ मध्ये चित्रशाळा काढली होती आणि कलकत्त्यातही अशी चित्रं छापली जात. दगडावरून छापण्याची कलाही मुंबईला नवी नव्हती. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापलं होतं. रविवर्म्यांचं वेगळेपण असं की त्यांच्या छापील चित्राला तैलचित्राचा थाट होता. अशा चित्राला ‘ओलिओग्राफ’ म्हणत.

दगडावरचं चित्र कागदावर कसं येतं?

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, सोपं आहे!

सन १७९६ च्या सुमारास जर्मनीत आलोइस सेनेफेल्डर नावाच्या नाटककाराला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती. त्यानं शोधून काढलं की, एका विशिष्ट जातीच्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडावरून छापता येतं. खोदायचं काहीच नाही. फक्त एक नियम वापरायचा, तो म्हणजे तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत.

शिळेवर तेलकट खडूनं चित्र काढायचं. डिंक आणि आम्लाचा हात देऊन ते पक्कं करायचं. मग शिळा पाण्यानं ओली करायची. जिथे खडूची रेघ आहे तिथे पाणी टिकत नाही, बाकी सगळीकडे टिकतं. आता तेलकट शाईचा रूळ फिरवा. शाई ओल्या जागेवर बसत नाही, फक्त रेघांवर बसते. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र कागदावर!

हा नियम घरीही पडताळून बघता येतो. कागदावर मेणबत्तीनं काहीतरी काढा आणि वरून पाण्यात कालवलेल्या रंगाचा ब्रश फिरवा. मेणावर रंग बसणार नाही. झालं की नाही?

पण हे एका रंगाचं झालं. लक्ष्मीच्या चित्रात तर साडीचा, कमळाचा, पाण्याचा, गालांवरच्या छटेचा असे कितीतरी रंग. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागे! चांगल्या चित्राला दहा-बारा शिळा सहज लागत. एकच कागद एकेका शिळेवरून पुन्हा पुन्हा जाई. कागद केसभर सरकला तरी लक्ष्मीच्या ओठांचा रंग हनुवटीवर यायचा. शिवाय शिळेवर सगळं उलटं काढावं लागे, आरशात दिसतं तसं. नाहीतर छापल्यावर उजवा हात डावा व्हायचा. शेवटी चित्रावर रोगण चढवत, काही चित्रांवर कॅनव्हाससारखा खडबडीतपणाही उठवत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हे खरंखुरं तैलचित्रच आहे.

आता ही चित्रं गेली कुठे? गिरगावातल्या चाळीत, गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत, कोकणातल्या माजघरात आणि पार बंगालपासून तमिळनाडूपर्यंत. चौकट करून भिंतीवर उंच, थोडी पुढे झुकलेली अशी तसबीर लावायची. कुठे कुठे बायका हौसेनं लक्ष्मीच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवीत. आजीला विचारा, तिनं असं चित्र नक्की पाहिलं असेल.

समुद्रापलीकडचा एक चित्रकार

आता क्षणभर मुंबई सोडून समुद्रापलीकडे जाऊ. याच काळात हॉलंडमध्ये हेंड्रिक विलेम मेसडाख (१८३१ ते १९१५) नावाचे चित्रकार होते. बँकेत काम करणारे हे गृहस्थ पस्तिसाव्या वर्षी नोकरी सोडून चित्रकार झाले आणि जन्मभर मुख्यतः समुद्र रंगवत राहिले. लाटा, होड्या, ढगाळ आभाळ, मासे घेऊन परतणारे कोळी. हेग शहराजवळ स्केवनिंगन नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या एका वाळूच्या टेकडीवरून सगळा किनारा दिसायचा. ती टेकडी सपाट करून तिथे खाण्यापिण्याची जागा बांधायचं ठरलं. मेसडाख यांनी त्या टेकडीवर काचेचं एक मोठं नळकांडं ठेवलं, त्याच्या आत बसून चहूबाजूंचा देखावा काचेवर उतरवला आणि त्यावरून १८८१ साली एक अजस्र चित्र तयार केलं. सुमारे १४ मीटर उंच आणि १२० मीटर घेराचं! त्यांची पत्नी सिन्त्ये आणि आणखी काही चित्रकार त्यांच्या मदतीला होते.

हे चित्र गोल इमारतीत आतून लावलंय. तिकीट काढून अंधाऱ्या जिन्यानं वर जायचं आणि मधल्या चौथऱ्यावर उभं राहायचं. भोवती खरी वाळू पसरलेली. वाटतं, आपण टेकडीवरच आहोत. ती टेकडी तशी राहिली नाही, पण चित्र हेगमध्ये आजही बघता येतं.

समुद्र रविवर्म्यांनीही रंगवलाय, बरं का! लंकेची वाट देईना म्हणून समुद्रावर धनुष्य ताणून उभे असलेले राम आणि भोवती खवळलेल्या लाटा, असं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे.

दोन्ही चित्रकारांपुढे प्रश्न एकच होता. चित्र सगळ्यांना कसं दिसेल? मेसडाख यांनी लोकांना चित्रापर्यंत नेलं. रविवर्म्यांनी चित्र लोकांपर्यंत नेलं. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं? उत्तर द्यायची घाई करू नका. आपला पुढचा मुक्काम बघितल्यावर सांगा.

दुसरा मुक्काम : परळ

चर्नी रोडहून गाडी पकडून प्रभादेवी स्टेशनला उतरा आणि परळच्या बाजूला या. विचारत विचारत हाफकिन संस्थेपाशी चला. गव्हर्नरसाहेबांच्या जुन्या वाड्यात ही संस्था आहे. छापखान्याच्या गोष्टीत ही कशाला, असं वाटलं ना?

गिरगावातला छापखाना सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना एका रोग्याच्या अंगावर वेगळ्याच गाठी दिसल्या. तो प्लेग होता. बघता बघता रोग शहरभर पसरला आणि माणसं गाठोडी बांधून गावाकडे पळू लागली. गिरण्यांना कामगार मिळेनात, तिथे छापखान्याला कुठून मिळणार? डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या या वाड्यात आली.

आणि त्याच सुमारास रविवर्म्यांचा छापखाना मुंबई सोडून लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. डोंगराची मोकळी हवा आणि जवळ रेल्वे. पण तोवर कर्जाचा डोंगरही उभा राहिला होता. दोघे भाऊ चित्रकार होते, व्यापारी नव्हेत. नव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना विकून टाकला. १९०५ मध्ये भाऊ गेला आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्माही गेले.

म्हणजे सगळं फसलं म्हणायचं का? हिशेबाच्या वहीत बघाल तर हो. पण परळमध्येच जरा पुढे जाऊन बघू.

परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं राहत होते. ते तिथे राहत असतानाच, २ मार्च १९३० रोजी, नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. कशासाठी? तर अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या माणसांना मंदिरात पाऊल टाकायला बंदी होती आणि माणूस म्हणून समान हक्क त्यांना हवा होता. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, पण दार उघडलं नाही. रविवर्म्यांच्या स्वतःच्या त्रावणकोरमध्येही सरकारी देवळं सर्व जातींच्या हिंदूंना खुली झाली ती थेट १९३६ साली. तोवर किती माणसांनी आपल्या गावच्या देवाचं तोंडही पाहिलं नसेल, विचार करा.

आता त्या छापील चित्राकडे पुन्हा बघा. दुकानदार चित्राचे पैसे मागत होता, जात विचारत नव्हता. देवळाच्या बाहेर उभं राहावं लागणाऱ्या माणसाच्या खोलीतही तीच लक्ष्मी होती, जी बंगल्यात होती. अन्याय त्यानं संपला नाही. तो संपवायला सत्याग्रह करावे लागले, कायदे करावे लागले. पण ज्या देवाचं दर्शन पुजाऱ्याच्या मर्जीवर होतं, तो कागदावर छापून घरी आणता येतो, ही साधी गोष्ट नव्हे.

तिसरा मुक्काम : दादर

परळहून दादर अगदी जवळ. पूर्वेला बाहेर पडा आणि दादासाहेब फाळके मार्गाची पाटी शोधा.

फाळक्यांचं नाव तुम्हाला माहीत आहेच. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले. आणि त्यांनी लोणावळ्याला राहून रविवर्मा प्रेससाठी छपाईची कामं केली! पुढे दादरला त्यांचा छापखाना निघाला, नावारूपाला आला, पण भागीदारांशी पटेना म्हणून त्यांनी तो सोडला. अशा रिकाम्या दिवसांत गिरगावातल्या एका सिनेमागृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू चालतोय, बोलतोय आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे मात्र राम आणि कृष्ण येऊ लागले. आपले देव असे पडद्यावर का नाही येणार?

त्यांनी लंडनला जाऊन यंत्रसामग्री आणली. दादरच्या घरीच कारखाना मांडला. पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि रात्री फिल्मला भोकं पाडण्याचं कामही करत. तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला साडी नेसवली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांना दाखवला गेला. कुठे, ठाऊक आहे? गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात!

या चित्रपटाचा जो भाग शिल्लक आहे, तो पाहायला मिळाला तर सुरुवात नीट बघा. राजा, राणी आणि राजपुत्र असे उभे आहेत की वाटावं, भिंतीवरची तसबीरच हलायला लागली. गिरगावात छापलेले देव लोणावळ्याला गेले, तिथून दादरला आले आणि एकोणीस वर्षांनी पडद्यावर चालत पुन्हा गिरगावात पोहोचले.

शेवटचा मुक्काम : लालबाग

दादरहून मध्य रेल्वेनं करी रोडला उतरलं की आलं लालबाग. गिरण्यांचे भोंगे कधीच थांबले, गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. पण पावसाळा जवळ आला की लालबाग-परळमध्ये गणपतींच्या कारखान्यांचे मांडव उभे राहतात. आत पांढऱ्याशुभ्र मूर्तींची रांग. कुणी काथ्या पिंजतोय, कुणी साच्यातून हात काढतोय, कुणी शिडीवर चढून सोंडेला पॉलिश करतोय. आत जायचं तर आधी परवानगी विचारा आणि मूर्तीला हात लावू नका.

सगळ्यात अवघड काम शेवटी असतं, डोळ्यांची आखणी. ते सगळ्यांना जमत नाही. आखणी होईपर्यंत मूर्ती म्हणजे नुसतं प्लास्टर किंवा शाडूची माती. डोळे आले की बघणारा आपोआप हात जोडतो.

इथल्या मूर्ती नीट न्याहाळा. अंग माणसासारखं भरीव, नेसूच्या सोवळ्याला चुण्या, गालांवर छटा, नजरेत माया. देवाला असं माणसासारखं, जवळचं रूप देण्याची जी आवड आपल्याला लागली, तिच्यात भिंतीवरच्या तसबिरींचा मोठा वाटा आहे. मंडळांत या मूर्तींपुढे सगळे एका रांगेत उभे असतात. आणि अनंत चतुर्दशीला लालबागची मिरवणूक निघते ती कुठे जाते? गिरगाव चौपाटीला! आपण सकाळी निघालो तिथेच.

आता एक अवघड प्रश्न

आपण रविवर्म्यांचं कौतुक केलं. आता दुसरी बाजूही बघू, कारण चांगल्या वाचकानं दोन्ही बाजू बघाव्यात.

छापील चित्रं घराघरांत जाण्यापूर्वी प्रत्येक मुलखाचे देव वेगवेगळे दिसत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथींच्या पोथ्यांतला राम वेगळा. टपोऱ्या डोळ्यांचा, बाजूनं दिसणाऱ्या चेहऱ्याचा. पैठणच्या चित्रांतले वीर वेगळे. वारली चित्रातली पालघट देवी आणखी वेगळी. गावच्या देवीला तर कधी चेहराच नसे, नुसता शेंदूर लावलेला तांदळा. छापील चित्रं स्वस्त होती, सुबक होती, सगळीकडे पोहोचली. मग हळूहळू लोकांना वाटू लागलं की लक्ष्मी ‘अशीच’ दिसते आणि बाकीची चित्रं ‘चुकीची’. चित्रं दाखवून गोष्ट सांगणाऱ्या कलावंतांचं पोट त्या कलेवर चालेनासं झालं. पिंगुळीला काही कुटुंबांनी ती नेटानं जपली, म्हणून आज आपल्याला बघायला तरी मिळते.

एकच चित्र सगळ्यांना मिळालं हे चांगलंच झालं. पण सगळ्यांना एकच चित्र उरलं, तर ते चांगलं का? या प्रश्नावर घरी बाबांशी किंवा शाळेत चित्रकलेच्या बाईंशी बोलून बघा. दोघांचं उत्तर वेगळं आलं तर आणखी मजा!

मळवलीचा छापखाना श्लायशर यांच्यानंतरही चालू राहिला. तिथे देवांबरोबर जाहिराती आणि मालावर चिकटवायची लेबलंही छापली जात. १९७२ मध्ये मोठी आग लागून तो जळाला आणि रविवर्म्यांची कितीतरी जुनी छापील चित्रं त्यात गेली. तरी छापलेली लक्ष्मी संपली नाही, कारण ती एका जागी नव्हतीच. ती हजारो भिंतींवर होती. मूळ तैलचित्रं पाहायची असतील तर सुट्टीत बडोद्याचा बेत आखा, किंवा सातारा जिल्ह्यात औंधला जा. तिथल्या श्रीभवानी संग्रहालयातही रविवर्म्यांची चित्रं आहेत.

आणि तोवर एक काम करा. आपल्या घरी, आजोळी किंवा शेजारच्या आजींकडे जुनी तसबीर आहे का, ते बघा. असेल तर चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव सापडतं का, तेही बघा. काच काढू नका आणि ओल्या फडक्यानं पुसू तर मुळीच नका, जुना कागद पाणी लागलं की गेलाच. तसबीर कुणी आणली, कुठून आणली, तेव्हा घरात कोण कोण होतं, हे मोठ्यांना विचारून वहीत लिहून ठेवा.

मग एक कोरा कागद घ्या आणि तुमची लक्ष्मी काढा. कॅलेंडरकडे न बघता हं! ती कशी दिसते, काय नेसते, तिच्या हातात काय आहे, हे तुम्हीच ठरवायचं. तिच्या हातात वही-पेन्सिल असली किंवा कोयता आणि पाण्याची घागर असली, तरी कुणी चूक म्हणणार नाही.